आधी जखम, मग पाला

बाळ, कुठल्या जखमेवर कुठला पाला ते एकदा लिहून दे म्हणालीस. जव्हारकडच्या आश्रमशाळेत रुजू होणार, पोरं निवासी, चारी बाजूंना रान आणि दवाखाना लांब. विचारलंस ते योग्यच केलंस. माझी सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर म्हणून गेली आणि त्याच्या आधी आईच्या हाताखाली पाला वाटायला शिकले होते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. पण सुरुवात पाल्याने करणार नाही. पाल्याची घाई झालेल्या माणसांच्या जखमा चिघळलेल्या मी इतक्या धुतल्यात की हा क्रम तुझ्यासाठीसुद्धा मोडायची नाही.

पहिलं काम पाण्याचं. पोरगं गुडघा सोलवटून आलं की त्याला नळाखाली धर. नळ नसेल तर तांब्याने धार सोड आणि चांगली पाच-दहा मिनिटं धू. उकळून गार केलेलं पाणी मिळालं तर छानच, नाहीतर पिण्याजोगं स्वच्छ पाणी चालतं. जव्हार-मोखाड्यात पावसाळाभर धो धो पडतं आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, हे तुला तिथे गेल्यावर कळेलच. म्हणून झाकणाची एक कळशी जखमेच्या पाण्यासाठी वेगळी ठेव. त्यात कुणाचा हात बुडता कामा नये, ओतूनच घ्यायचं. आजूबाजूची कातडी साबणाने धू, जखमेच्या आत साबण चोळू नकोस. खडी रुतलेली दिसली तर चिमटा उकळून घे आणि अलगद काढ. तरी निघाली नाही तर कोरत बसू नकोस, दवाखान्यात पाठव.

उघड्या मांसावर स्पिरिट ओतणारी माणसं तुला भेटतील. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून खूश होणारी तर हमखास भेटतील. फसफसलं म्हणजे साफ झालं, असा सगळ्यांचा समज. त्या फेसाने जंतू मरतात तशा नव्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात, आणि रोज ओतलं तर जखम आहे तिथेच राहते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने दाबून धर. दहा मिनिटं झाल्याशिवाय घडी उचलून डोकावायचं नाही. ‘हळद दाबली नि रक्त थांबलं’ असं म्हणतात ना, त्यात हळदीपेक्षा दाबण्याचा वाटा मोठा असतो.

धुवायचं आधी, हे काही सरकारी दवाखान्याने आणलेलं खूळ नव्हे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितलेत. काढा, वाटलेला कल्क, तूप, तेल, वरून भुरभुरायचं चूर्ण हे सगळे प्रकार त्यात आहेत. पण जखम घाण असेल तर शोधन, म्हणजे साफ करणं, आणि साफ झाल्यावरच रोपण, म्हणजे भरून आणणं. आपल्याकडच्या लोकांनी ग्रंथातलं रोपण उचललं, शोधन तिथेच ठेवलं.

आता हळदीकडे येऊ, कारण कापलं की हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे जातो. त्या डब्यात फोडणीचा चमचा दिवसभर बुडत असतो, कडेला मोहरी-हिंगाचे कण असतात. बाजारच्या दळलेल्या हळदीत रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं उघडकीला आलेली आहेत. ती पूड ताज्या जखमेत भरली की रक्तात कालवून तिची ढेप होते. वर टणक खपली आणि खाली पू, पोरगं मात्र ‘बरं वाटतंय’ म्हणत हिंडतं. आणखी एक अडचण फारशी कुणी बोलत नाही: पिवळ्या रंगाखाली जखमेची लाली दिसत नाही. ती लाली कुठवर पसरलीय हेच डॉक्टरला बघायचं असतं.

आई हळद वापरायची, पण डब्यातली नाही. घरचं हळकुंड उगाळायची, नाहीतर तुपात मंद आचेवर कढवून, कापडातून गाळून ते तूप ठेवायची. त्याला कारण आहे. हळदीतलं कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपा-तेलात उतरतं. हे तूप ती उघड्या जखमेत घालत नसे. जखम भरत आली, कडा कोरड्या पडून तडतडायला लागल्या, खाज सुटली, की मग बोटाच्या टोकाने कडेकडेने लावायची. मीही तेवढ्यापुरतंच सांगेन.

तिथे कुणीतरी तुला हळदीच्या पेटंटची गोष्ट ऐकवेलच. गोष्ट खरी आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने १९९६ साली हरकत घेतली, जुने ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ सालचा लेख असे पुरावे जोडले आणि १९९७ साली पेटंट रद्द करून घेतलं. मला त्याचा अभिमान आहे. पण त्या लढ्यात सिद्ध झालं ते एवढंच, की हे ज्ञान नवं नाही, आपल्याकडे आधीपासून आहे. दिसेल त्या जखमेत हळद कोंबावी असं त्या निकालात कुठे लिहिलेलं नाही. जुनं असणं आणि प्रत्येक वेळी गुणकारी असणं यांची आपले लोक गल्लत करतात, शिकलेले जरा जास्तच.

हळद-आंबेहळद मोकळ्या हाताने वापरायची ती मुक्या मारावर. पोरं आंब्यावरून पडतात, कबड्डीत आपटतात. कातडी शाबूत आणि खाली सूज, काळंनिळं झालेलं. पहिल्या दिवशी गार पाण्याच्या घड्या ठेव, दुसऱ्या दिवसापासून आंबेहळद आणि रक्तचंदन सहाणेवर उगाळून कोमट लेप दे. चुना-हळदही लोक लावतात. तो चुना फुटलेल्या कातडीवर गेला तर भाजतो, म्हणून तू त्याच्या भानगडीत पडू नकोस. आणि बोट वाकवता येत नसेल, पाय टेकवत नसेल तर लेप पुसून एक्स-रेला पाठव. लेपाखाली मोडलेली हाडं मी पुष्कळ पाहिलीत.

पाला म्हणून मी ज्याला मान देते ती कंबरमोडी. कुणी एकदांडी म्हणतं, कुणी दगडी पाला, कुणी जखमजोडी. तुझ्या शाळेतली वारली-कोकणा पोरं आणखी काही म्हणतील. त्यांचं नाव लिहून घे, पण झाड डोळ्यांनी पारख. जमिनीला लोळत जाणारी फांदी, खरबरीत लवेची पानं, कडा मोठ्या दातऱ्यांच्या, आणि त्या पसाऱ्यातून वीतभर उंच गेलेला एकच सडसडीत दांडा. त्याच्या टोकाला लहानसं फूल, मधे पिवळं आणि भोवती पाच-सहा फिकट दुधी पाकळ्या. भिंतीच्या फटीत, वाटेच्या कडेला, क्रीडांगणाच्या कोपऱ्यात, कुठेही. गंमत म्हणजे हे झाड मूळचं आपलं नाहीच, उष्ण अमेरिकेतून आलेलं. सुश्रुताने ते पाहिलेलं असणं शक्य नाही. तरी गावोगावच्या गुराख्यांनी त्याला जखमेचं औषध करून टाकलं. म्हणून कुणी ‘पाच हजार वर्षांचा पाला’ म्हणायला लागलं की मला हसू येतं.

गुराखी पोरं काय करतात, दोन पानं तोडतात, दातांनी चावतात आणि थुंकीसकट जखमेवर थापतात. माणसाच्या तोंडात केवढे जंतू असतात! तू असं कर. शेळ्या बांधतात ती जागा, रस्त्याची कड आणि फवारणी झालेलं शेत सोडून दुसरीकडून कोवळी पानं घे. दोन पाण्यांनी धू. खलबत्त्यावर उकळतं पाणी ओतून घे, मग पानं कुट. उकळून वाळवलेल्या सुती कापडात तो गोळा धर आणि पीळ. हिरवागार, उग्र वासाचा रस येईल. धुऊन टिपलेल्या खरचटीवर त्याचे चार थेंब सोड, जरा चुरचुरेल. चोथा जखमेवर ठेवायचा नाही, फेकून द्यायचा. मातीचे कण आणि पानावरची लव त्याच्यातच असते. उरलेला रस बाटलीत भरून उद्याला ठेवायचा नाही. दर वेळी ताजा करायचा, कंटाळा आला तर करायचाच नाही. नुसती धुतलेली खरचटही बरी होते.

खरचट हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. कंबरमोडीचे अर्क प्रयोगशाळेत उंदरांच्या जखमांवर तपासले गेलेत, पण म्हणून खोल चिरलेल्या तळव्यात तिचा रस ओतावा असं होत नाही. कडा उघडल्या की चरबी किंवा मांस दिसतंय, अशा जखमेला टाके लागतात आणि ते काही तासांत घालायचे असतात. पाला लावून संध्याकाळपर्यंत वाट बघितली की टाक्यांची वेळ निघून जाते.

पहिल्यांदा लावताना पोराच्या कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दुसऱ्या दिवशी बघ. लाल चट्टे उठले तर त्याला तो पाला नको. कंबरमोडी, झेंडू आणि गाजरगवत एकाच कुळातली. गाजरगवताने ज्याच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, त्याला याही पानांचा त्रास होऊ शकतो. आणि गाजरगवत उपटायला पोरांना उघड्या हातांनी लावू नकोस. शाळेत ‘श्रमदान’ म्हणून तसं करवतात.

जुन्या, ओलसर, वास येणाऱ्या जखमा धुवायला काढा चांगला. त्रिफळ्याचा कर किंवा वड, उंबर, पिंपळ यांच्या सालींचा. कडुनिंबाच्या पाल्याचाही चालतो. सालीत आणि हिरड्यात तुरट द्रव्यं असतात, ती ओल आवळून धरतात. भरड एक वाटी असेल तर पाणी सोळा वाट्या, आटवून चार वाट्या. भांडं स्टीलचं घे. लोखंडी कढईत केलास तर तुरट द्रव्यं आणि लोखंड मिळून शाईसारखा काळा काढा होईल आणि कपड्यांना डाग पडतील ते वेगळंच. चौपदरी कापडातून गाळ, झाकून गार कर, त्याच दिवशी संपव. हा काढा प्यायला द्यायचा नाही, आणि कडुनिंबाचं तेल तर मुलांच्या पोटात चुकूनही जाता कामा नये. लहान मुलांना त्याने झटके आलेले आहेत. बाहेरून लावायच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘पोटात घेऊ नये’ लिहून ती वरच्या फळीवर ठेव.

भाजणं मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे जरा सावकाश वाच. आश्रमशाळेत मोठाली पातेली, चुली, गरम आमटी. पोराच्या हातावर आमटी सांडली तर वीस मिनिटं साधं गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तेल नको, अंड्याचा बलक नको. अंगठी, काळा दोरा, कडं सूज यायच्या आत उतरव. पाणी कमी असेल तर खाली टोप ठेवून तेच पाणी तांब्याने परत परत सोड. कपडा चिकटला असेल तर ओढू नको, भोवतीने काप.

मग त्यावर काय? नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी असेल तर कोरफड. जाड पातं बुंध्याशी काप आणि डब्यात पंधरा मिनिटं उभं ठेव म्हणजे पिवळा कडू चीक निथळून जाईल. तो चीक कातडीला चावतो, पोटात गेला तर जुलाब होतात. मग काटे तासून, साल सोलून आतला गर धुऊन घे आणि पातळ थर लाव. हलक्या भाजण्यावर कोरफडीचा फायदा दाखवणाऱ्या चाचण्या झालेल्या आहेत. पण तीच कोरफड १९९१ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर उघडलेल्या जखमांवर लावून पाहिली, तर जखम भरायला सरासरी ८३ दिवस लागले, आणि न लावलेल्यांना ५३. झाड तेच, जखम बदलली. या एका उदाहरणापायी मी पाल्याचं नाव विचारणाऱ्याला आधी जखम दाखव म्हणते.

फोड आलेल्या भाजण्याबद्दल तुला मुंबईतलीच एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांना केळीच्या पानाची पट्टी बांधून पाहिली. २००३ साली ते काम भाजण्याच्या जखमांवरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. नेहमीची असते ती व्हॅसलीनची जाळीदार पट्टी. ही पट्टी वाळली की जखमेला चिकटते आणि बदलताना माणूस कळवळतो. ड्रेसिंगच्या खोलीतलं ते ओरडणं ज्याने ऐकलंय त्याला चिकटत नाही या गुणाची किंमत कळते. केळीचं पान गुळगुळीत, वरून मेणचट, आकाराने मोठं, आणि पैशांच्या हिशेबात जवळजवळ फुकट. ते अलगद सुटतं, खाली ओल राहते आणि दुखणं कमी होतं. त्याआधी मुंबईतच उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या करून झाल्या होत्या, पण त्या करायला वेळ आणि माणसं जास्त लागतात.

आता यातलं मर्म बघ. केळीच्या पानाचा रस कुणी काढला नाही, लेप केला नाही. पान कापडी पट्टीवर चिकटवलं आणि निर्जंतुक करून मग बांधलं. शाळेच्या मागे केळी आहेत म्हणून पान फाडून भाजलेल्या पोराला गुंडाळलंस तर ते सायनचं काम झालं नाही. पानावरची धूळ, पाखरांची घाण सगळी फोडाच्या आत जाईल. तुझ्याकडे निर्जंतुक करायची सोय नाही, तेव्हा दवाखान्यातून त्या व्हॅसलीनच्याच जाळीदार पट्ट्या आणून ठेव, फक्त वाळू देऊ नकोस. फोड फोडू नकोस. फोड तळहाताहून मोठा, किंवा तोंड, हात, सांधा, लघवीच्या जागी भाजलेलं असेल, तर स्वच्छ धुतलेल्या पंच्यात सैल गुंडाळून लगेच निघायचं.

‘मोकळी ठेव, वाळू दे’ हा सल्लाही जरा आवर. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या जखमांवर दाखवून दिलं की झाकून ओलसर राहिलेल्या जखमेवर कातडी लवकर येते, वाळून खपली धरलेल्या जखमेवर उशिरा. ओलसर म्हणजे पचपचीत नव्हे. पट्टी भिजली की बदलायची. निदान तिथल्या माश्यांपासून तरी झाकली पाहिजे, आसडी पडलेली जखम एकदा पाहिलीस की पुन्हा कधी उघडी ठेवणार नाहीस.

न लावायच्या गोष्टी आता भराभर सांगते. बिबा: भेगा, काटा, मुरगळा, सगळ्यावर टोचून लावतात आणि मग तो उततो. तिथे फोड, भोवती काळी आग, कधी अंगभर गांधी. उतला तर साबणाने धू, खोबरेल लाव, पसरला तर डॉक्टर. रुईचा चीक: काटा वर यावा म्हणून घालतात. तो हात डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते, आणि फसवी गोष्ट ही की सुरुवातीला दुखतच नाही, नुसतं धूसर दिसतं. मोगली एरंड: चीक बारीक चिरेवर वाळून पापुद्रा धरतो हे खरं, पोरं त्याचे फुगेही उडवतात. पण कुंपणाला तो असेल तर त्याच्या बिया पोरं शेंगदाण्यासारख्या खातात आणि अख्खा वर्ग उलट्यांनी दवाखान्यात जातो. माझं ऐकशील तर ते कुंपण मुख्याध्यापकांना सांगून काढून टाक. शेण, माती, राख, तंबाखूची गोळी यांबद्दल शिकलेल्या मुलीला काय सांगायचं? धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात.

त्यावरून आठवलं. खिळा, बाभळीचा काटा, बांबूची कूस पायात गेली की वरून भोक बुजतं आणि आत हवा न लागणारी जागा तयार होते. धनुर्वाताला तेच हवं असतं. अशा जखमेवर कुठलाच पाला कामाचा नाही. मुलांना दहा आणि सोळा वर्षांची झाली की टीडीचं इंजेक्शन मिळायला हवं. आता टीटीच्या जागी टीडी आलंय. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गाच्या लसींची यादी कर, कुणाचं राहिलंय ते एएनएम ताईंना दे.

कुत्रं, मांजर, माकड चावलं, ओरखडलं तर साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. तिखट, चुना, तेल, हळद, काही भरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. त्याच दिवशी रेबीजची लस, आणि रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं दुसरं औषधही लागतं, ते विचारून घे. ‘चाटलंच फक्त’ म्हणतील. खरचटीवर चाटलं असेल तरी जायचं. विंचवाला पाला शोधत बसू नकोस. आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीने विंचूदंशाचे रुग्ण वाचवून दाखवले, ती सरकारी दवाखान्यात असते.

तयार औषधांपैकी जात्यादि तेल मी स्वतः ठेवते. जाईचा पाला, कडुनिंब, करंज, हळद, मंजिष्ठा, ज्येष्ठमध यांचं ते बनतं. साफ झालेल्या, गुलाबी, हळूहळू भरणाऱ्या जखमेला चांगलं. त्यात मोरचूदही असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणून ते घरी करायचं नाही, तोंडाजवळ लावायचं नाही. परवान्याचा क्रमांक आणि मुदत बघून नावाजलेल्या कंपनीचं घे. स्वयंपाकघरातल्या मावशींच्या टाचांच्या भेगांना मात्र कोकमाचं किंवा मोहाच्या बियांचं तेल पुरतं. रात्री पाय धुऊन, पुसून, जरा कोमट करून. आधी एवढं विचार की त्यांना साखर आहे का. मधुमेह असेल तर पायाची बारीकशी जखमसुद्धा दवाखान्याची, तिथे मी तेलाचंही नाव घेणार नाही.

जखम बिघडतेय हे कसं ओळखायचं? धुतल्यावर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मार आणि बाजूला वेळ लिही. दुसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून गेली, ठणका वाढला, ताप आला, जांघेत किंवा काखेत अवधाण आलं, लाल रेषा वर चढायला लागली, तर सगळे पाले बंद आणि पोराला घेऊन निघ. फोनवर रोज एक फोटोही काढून ठेव, डॉक्टरला दहा वाक्यांपेक्षा तो जास्त सांगतो.

गावात भगत असेल. त्याच्याशी वैर धरू नकोस. तुझ्या-माझ्यापेक्षा त्याला झाडं जास्त ठाऊक असतात, आणि आईबाप आधी त्याच्याकडेच जातात. जाऊन बस, त्याला झाडं दाखवायला सांग, त्याच्या पाल्याला नावं ठेवू नकोस. धुऊन लावा, तोंडात चावून लावू नका आणि ताप आला तर माझ्याकडे पाठवा, एवढं तीनच गोष्टींचं बोलणं त्याच्याशी करून घे. माझ्या केंद्रावरचा एक म्हातारा भगत शेवटी शेवटी चिरलेली माणसं स्वतःच टाके घालायला घेऊन यायचा आणि वर आम्हालाच बजावायचा, नीट धुवा म्हणून.

जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, तिथवर रात्री गाडी कोणाची मिळते ते आधीच विचारून ठेव. १०८ हा नंबर वसतिगृहाच्या भिंतीवर रंगवून घे, आणि त्याच्या खाली बाण काढून हेही लिही की मोबाइलला रेंज आवारात नेमकी कुठे येते.